शिक्षकाचे राहणे आणि रमणे

एखाद्या शाळेचा इतिहास चाळावयास घेतला म्हणजे पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, देणगी कोणी किती दिली, परीक्षेचा निकाल कोणत्या वर्षी शेकडा किती लागला, ह्या गोष्टी बहुधा सविस्तर लिहिलेल्या आढळतात. परंतु त्या शाळेत शिक्षक किती वर्षे राहिले, गेले ते का गेले, आणि राहिले ते कशाच्या आधारावर राहिले, हे क्वचितच कोणी लिहून ठेवतो. वास्तविक लहान मुलाच्या लेखी शाळा म्हणजे तिचा शिक्षक. इमारत त्याच्या पुढे दुय्यम. आपल्या भाषेत राहणे आणि रमणे असे दोन जवळजवळचे शब्द आहेत. नोकरीत राहिलेला माणूस तीत रमलेला असतोच असे नाही, आणि रमलेला माणूस राहू शकतोच असेही नाही. आमच्या शिक्षकांचा गेल्या दीडदोनशे वर्षांचा इतिहास ह्या दोन शब्दांच्या ताटातुटीचा आहे असे आम्हांस वाटते. आणि कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी उभे राहून पाहिले असता तो अधिक स्पष्ट दिसतो.

कळमनुरी हे आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. ह्या मुलुखास गुरुशिष्यांच्या कथांची वाण नाही. जवळची नरसी नामदेवांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी त्यांस बोध केला ही कथा येथे घरोघर सांगितली जाते. परंतु अर्वाचीन शाळा येथे उशिरा आली, व आली ती परक्या बोलीत. उत्तरेस पैनगंगा, तिच्या पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि तेथील सरकारी प्राथमिक शाळा मराठीत चालू लागल्या. नदीच्या अलीकडे १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. एकाच बोलीतून आईला हाक मारणारी मुले दोन तीरांवर दोन निरनिराळ्या भाषांतील शाळांच्या दारी उभी राहिली. ह्या फरकाचा परिणाम शिक्षकावर कसा झाला ते पुढे येईल.

सरकारी शाळा येण्यापूर्वी सर्व मराठी मुलुखात पंतोजीची शाळा होती. देवळात, धर्मशाळेत अथवा एखाद्या सुखवस्तू गृहस्थाच्या ओसरीवर ती भरे. धुळाक्षरे, पाढे, मोडी वाचन आणि हिशेब एवढा तिचा अभ्यासक्रम. मुंबई इलाख्यात १८२० नंतरच्या दशकात जी पाहणी झाली तीत अशा १७०० च्या वर शाळा व त्यांत सुमारे ३५ हजार मुले आढळली. पंतोजीस ठरीव पगार नसे. कोणी शेर दोन शेर धान्य देई, कोणी चार पैसे; सणावारी काही ओवाळणी मिळे. प्राप्ती अगदी बेताची. तरी हा मनुष्य गावात टिकून राही, कारण त्याचे घर तेथेच, शेजार तेथेच, आणि ज्यांच्या मुलांस तो शिकवी त्यांच्याच ओसरीवर त्याची ऊठबस. तो फार संतुष्ट होता असे म्हणण्यास आधार नाही. त्याची छडी प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या शाळेत मुलींस व अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलांस जागा नव्हती. म्हणून त्याच्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की तो ज्या गावात शिकवी त्याच गावचा होता. आणि दुसरी गोष्ट अशी, की तो गेला म्हणजे बहुधा शाळाही जाई.

पगारी शिक्षक आला तेव्हा शाळा शिक्षकाच्या आयुष्याहून दीर्घायुषी झाली. हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्याबरोबर एक नवा शब्द आला, तो म्हणजे बदली. येथे वाचकांस थोडा वेळ पुण्याकडे न्यावे लागते, कारण शिक्षक शाळेस कशाने बांधला जातो ह्या प्रश्नाचा मराठी मुलुखातील पहिला जाणीवपूर्वक प्रयोग तेथे झाला, आणि त्याचे मूळ एका बदलीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. १८७४ पासून ते 'निबंधमाला' काढीत. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीस झाली. पगार चालू होता, नोकरी कायम होती, रत्नागिरीही काही परदेश नव्हे; तरी १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जी नोकरी आपल्या कामाचे ठिकाण व मोकळीक दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवते तीत मन रमत नाही, हे त्या राजीनाम्याचे मर्म होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८० मध्ये, त्यांनी टिळक व नामजोशी ह्यांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल उघडले. वामन शिवराम आपटे व आगरकर लौकरच येऊन मिळाले.

ह्या मंडळींनी आरंभी वेतनाचा विचार फारसा केला नाही. काहींनी तर ते घेतलेच नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि आजीव सभासदांची पद्धत रूढ झाली. सभासदाने वीस वर्षे संस्थेस द्यावी, वेतन थोडे घ्यावे, आणि संस्थेचा कारभार सभासदांनीच पाहावा, असा तिचा गाभा होता. वेतनाचा आकडा पुढे दरमहा ७५ रुपये ठरला. शिक्षक हाच शाळेचा चालक, ही ह्यातील खरी नवी कल्पना होय. पंतोजीची शाळा त्याच्याबरोबर संपत असे. सरकारी शाळा टिके, पण शिक्षकाची नसे. ह्या नव्या संस्थेत शाळा टिकावी आणि ती शिक्षकाचीही असावी, असा प्रयत्न होता.

तो किती सफल झाला? १९०२ मध्ये गोखले आपली मुदत पुरी करून निवृत्त झाले. त्याच साली, १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्याच ७५ रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत त्या जागी राहिले. सरकारी खात्यात ह्या गृहस्थास कितीतरी पट पगार सहज मिळाला असता. एवढे पाहिले म्हणजे त्याग हाच शिक्षकास टिकविणारा गुण आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ह्याच संस्थेचा इतिहास त्या मोहास उत्तर देतो. सभासदांनी बाहेरची प्राप्ती घ्यावी की नाही, वेतन वाढवावे की नाही, ह्या प्रश्नांवरून तेथे वर्षानुवर्षे वाद झाला. टिळकांचे म्हणणे, व्रत घेतले ते पुरे पाळावे. आगरकरादिकांचे म्हणणे, संसार चालला पाहिजे. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. आगरकर राहिले, १८९२ मध्ये प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, वारले. गणिताची रिकामी झालेली जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांनी भरून काढली व ते १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. संस्था जगली. परंतु ज्यांस ती आपल्या प्राणाहून प्रिय होती त्या स्थापकांतच पैशावरून फूट पडावी, ह्यावरून एक गोष्ट उघड होते. आपलेपणा माणसास शाळेत आणतो. पण घरातील चुलीची काळजी मिटली नाही तर तो आपलेपणाच भांडणाचे मूळ होतो.

आता पुन्हा मराठवाड्याकडे वळू. हैदराबाद संस्थानात खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहजी मिळत नसे. अशा स्थितीत मराठी माध्यमाची शाळा चालविणे हे शिक्षकाचे काम अर्धे शिकविण्याचे व अर्धे झुंजण्याचे असे. १९२१ मध्ये हिप्परगा ह्या लहानशा गावी राष्ट्रीय शाळा निघाली. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. १९२९ मध्ये तेथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. त्यापूर्वी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काम केले होते. हेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईस, तेव्हाच्या मोमिनाबादेस, योगेश्वरीच्या शाळेत गेले. बाबासाहेब परांजपे ह्यांच्यासारखे सहकारी तेथे होते. वेतन म्हणावे तर नाममात्र. पण शाळेत काय शिकवावे, कसे शिकवावे, मुलांस कोणते वळण लावावे हे ठरविणारे हेच लोक होते, आणि गाव त्यांच्या शब्दास मान देई.

१९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली. हे सोडणे कंटाळ्याचे नव्हते. स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी ते गेले व तुरुंगात पडले. जो शिक्षक शाळेत पूर्ण रमला होता तोच अधिक मोठ्या कामासाठी तीतून निघाला, आणि तरी शाळा बंद पडली नाही, कारण मागे राहिलेले सहकारीही तिला आपलीच समजत होते. शिक्षक गेल्याने शाळेचे नुकसान किती होते, हे तो का जातो आणि मागे कोण उरतो ह्यावर अवलंबून असते, असा ह्याचा बोध आहे.

कळमनुरी तालुक्याचा ह्या इतिहासाशी आणखी एक धागा जुळतो. नांदापूर हे ह्याच तालुक्यातील गाव. उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर ह्यांच्या नावातच ते आहे, आणि त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर ह्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी तेथेच झाला. कुरुंदकरांनी १९५५ पासून आठ वर्षे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकविले, आणि १९६३ पासून पीपल्स कॉलेजात. हे कॉलेज १९५० मध्ये स्वामीजींच्याच प्रेरणेने निघालेल्या संस्थेचे. पुढे ते तेथे प्राचार्य झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी देह ठेवीपर्यंत नांदेड त्यांनी सोडले नाही. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती सर्व महाराष्ट्रात पसरली असता ते मराठवाड्यातच राहिले, हे ह्या भागाचे भाग्य. परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या तालुक्याने असे दोन थोर अध्यापक दिले, त्याच्या वाट्यास त्यांतील एकाचेही अध्यापन आले नाही. एक हैदराबादेस गेले, दुसरे नांदेडास. ह्यात त्यांचा दोष नाही. विद्यापीठ तेथे होते, कॉलेज येथे होते. लहान गावाने शिक्षक घडवावा आणि मोठ्या गावाने तो ठेवून घ्यावा, हा क्रम मात्र तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

१९४८ नंतर परिस्थिती पालटली. शाळा मराठीत आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या, आणि पूर्वी जेथे अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे अशा वाड्यावस्त्यांवर पगारी शिक्षक पोचला. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारने उचलला, आणि १९७७ च्या कायद्याने संस्थाचालकास लहर लागेल तेव्हा शिक्षकास काढून टाकण्याची सोय राहिली नाही. अन्याय झाल्यास न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग मिळाला. आगरकरांच्या पिढीस ज्या चुलीच्या काळजीने जाळले ती ह्या व्यवस्थेने बऱ्याच अंशी मिटविली. ह्या लाभास जो कमी लेखील त्याने शिक्षकाचे घर आतून पाहिलेले नाही असे आम्ही म्हणू.

मात्र सुरक्षितता आली ती आपलेपणा मागे ठेवून. जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्ह्याचा नोकर असतो, गावाचा नव्हे. तो कोठे असावा हे यादी ठरविते. पूर्वी ही यादी वशिल्याने हलत असे अशी सार्वत्रिक तक्रार होती. २०१७ मध्ये बदल्या संगणकावर आल्या, गावांची 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशी वर्गवारी झाली, पतिपत्नींस एकत्र आणण्याची तरतूद झाली. न्याय वाढला हे खरे. तरी न्याय्य बदली ही सुद्धा बदलीच असते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक सांगितले आहेत. अशा दोन शिक्षकी शाळेतून एकजण गेला म्हणजे निम्मी शाळाच गेली. जो मुलगा तीन वर्षे एका शिक्षकाचा आवाज ऐकून वाचावयास शिकला, त्यास चौथीत नव्या माणसाशी पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. आणि नव्या माणसाचे लक्ष, तो परजिल्ह्यातून आला असेल तर, स्वतःच्या गावाकडे जाणाऱ्या आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे लागलेले असते. शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम करून व घरभाडेभत्त्याचा धाक घालून हा प्रश्न सोडविण्याचे यत्न झाले आहेत. परंतु ज्या गावात भाड्याने मिळण्याजोगे घर नाही, आजारी मुलास दाखविण्यास डॉक्टर नाही, तेथे एकट्या शिक्षिकेने कसे राहावे, ह्याचे उत्तर नियमात लिहिलेले नसते.

ह्याहून दुःखद प्रकार दुसऱ्या टोकास आहे. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवकांची योजना सुरू झाली. प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकाने तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काम करावे असे ठरले. २०२३ मध्ये हा आकडा १६,००० झाला. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' शाळांचे धोरण आले. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये गळाला, आणि २०१६ पासून वीस वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी अनुदान झिरपू लागले. दरम्यान कितीएक शिक्षक वर्षानुवर्षे बिनपगारी अथवा नाममात्र मोबदल्यावर शिकवीत राहिले. सकाळी शाळा, दुपारनंतर शेत, शिकवणी किंवा दुकान. हे शिक्षक शाळा सोडून गेले नाहीत. ते टिकले म्हणून कोणी आनंद मानील तर ती मोठी चूक होईल. आज सोडले तर मागची सर्व वर्षे वाया जातात, ह्या एका भीतीने ते जागेवर बसून राहिले. पूर्वीचा त्यागी शिक्षक थोड्या वेतनावर राही, पण शाळा त्याची असे. ह्या शिक्षकाजवळ वेतनही नाही आणि शाळेच्या कारभारात शब्दही नाही. त्यागाचे ओझे त्याच्या माथी आले, त्यागाचा मान मात्र आला नाही.

बाहेरच्या जगातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील हर्झबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस ह्यांच्या मुलाखतींवरून असे मांडले की असंतोष नाहीसा करणाऱ्या गोष्टी वेगळ्या व संतोष देणाऱ्या वेगळ्या. पगार, वरिष्ठांची वागणूक, नोकरीची शाश्वती ह्यांची उणीव असली तर माणूस खंतावतो; पण त्या पुऱ्या पडल्याने तो कामात रमतोच असे नाही. रमतो तो काम साधल्याच्या आनंदाने, कामाची जबाबदारी आपली असल्याने, आणि कोणी ते जाणल्याने. ह्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ आक्षेप निघाले, परंतु आमच्या शिक्षकांचा इतिहास त्यास बराच जुळतो. फ्रान्सने तर १८३३ च्या गिझोच्या कायद्यातच प्रत्येक गावाने शिक्षकास ठरीव किमान वेतन व राहावयास घर द्यावे असे लिहिले, आणि १८८९ मध्ये त्याचा पगार सरकारी तिजोरीतून सुरू केला. शिक्षकाचे घर ही तेथे शाळेच्या खर्चाचीच बाब मानली गेली.

ह्या सर्वांवरून आमचे म्हणणे इतकेच निघते. शिक्षकांनी व्रतस्थ व्हावे असा उपदेश करून शाळा चालणार नाहीत. तो प्रयोग टिळक-आगरकरांच्या हातूनही निर्वेध चालला नाही. आणि नुसत्या पगारवाढीने शिक्षक गावात रमेल हीही आशा व्यर्थ आहे. वेतन वेळेवर व पुरेसे मिळणे ही पहिली पायरी, तीबद्दल घासाघीस नसावी. परंतु तिच्यावर दुसरी चढविली पाहिजे. शाळेच्या वेळापत्रकापासून वाचनालयातील पुस्तकांपर्यंत ज्या गोष्टी शिक्षकास अधिक कळतात त्या त्याच्या हाती असाव्या. दप्तरातील माहितीचे तक्ते भरण्यात त्याचा दिवस जाऊ नये. जो आपण होऊन एका गावी दहा वर्षे राहू इच्छितो त्यास यादीने उचलू नये.

ह्यात पालकांचाही वाटा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने पालकांच्या आहेत. त्या जागांचा उपयोग शिक्षकाची हजेरी तपासण्यापुरता न करता, त्यास गावात घर मिळवून देण्याकडे, त्याच्या मुलास शेजार मिळवून देण्याकडे, त्याचे चांगले काम चारचौघांत बोलून दाखविण्याकडे झाला, तर त्यास सरकारी ठरावाची वाट पाहावी लागणार नाही. कळमनुरी तालुक्यातून आजही कितीएक मुले शिक्षक होऊन बाहेर पडत असतील. त्यांतील काहींस आपल्याच भागातील शाळेत परत यावेसे वाटले पाहिजे, आणि बाहेरून आलेल्या काहींस येथून जाऊ नयेसे वाटले पाहिजे. नांदापुरातील एखाद्या मुलास कुरुंदकरांसारखा शिक्षक मिळावयाचा तर तो नांदेडास जाऊनच मिळावा, असा नियम थोडाच आहे?